वरच्या मजल्यावरचं ब्रह्म

आमच्या तिसऱ्या मजल्यावरचे काका 'मी' म्हणत नाहीत. 'या देहाला साखर अर्धाच चमचा,' म्हणतात. किल्ली घरात राहिली तर 'विसरलं गेलं', मेंटेनन्स थकला तर 'भरलं जाईल'. घटना घडतात, कर्ता कोणी नाही, असं अद्वैत सांगणारे रमेश बाळसेकर शिकवत. ते बँक ऑफ इंडियातून निवृत्त झालेले. काकाही बँकेतलेच, त्यामुळे वारसा सरळ आपल्याकडे आला अशी त्यांची समजूत आहे.

असा एक काका हल्ली बहुतेक सोसायट्यांत असतो. त्याच्या उशाशी निसर्गदत्त महाराजांचं 'आय ॲम दॅट' असतं. महाराज मुंबईच्या खेतवाडीत मराठीत बोलले, मॉरिस फ्रीडमन यांनी ते इंग्रजीत आणलं, १९७३ साली पुस्तक निघालं. आमचे काका ते इंग्रजीत वाचून आम्हाला पुन्हा मराठीत ऐकवतात. एवढ्या प्रवासात बाकी सगळं सांडतं आणि एकच वाक्य पोचतं: सगळं ठीकच आहे.

हे वाक्य घेऊन ते कुठेही जातात. ॲडमिशन हुकलेल्या पोराकडे, नोकरी गेलेल्याकडे, दहाव्यालासुद्धा. पहिल्या मजल्यावरच्या आजींचा गुडघा बदलला तेव्हा काका हॉस्पिटलात गेले. मोसंबी नेली नाहीत. फळाची आसक्ती नको. खुर्ची ओढून म्हणाले, 'मावशी, दुखतंय ते नेमकं कोणाला, हे शोधा.' रमण महर्षींचा आत्मविचार, थेट ऑर्थोपेडिक वॉर्डात.

'मला,' आजी म्हणाल्या. 'शोधायचंय कशाला? ती नर्स कुठे गेली तेवढं शोधा.'

यावर काकांकडे दाखले तयार असतात. महर्षींच्या डाव्या हाताला सार्कोमा, चार वेळा शस्त्रक्रिया, आणि १४ एप्रिल १९५० ला देह ठेवेपर्यंत शांती ढळली नाही. निसर्गदत्त महाराजांना घशाचा कॅन्सर. १९८१ साली गेले, पण आजारातही माळ्यावरच्या खोलीत आलेल्यांशी बोलत राहिले. सगळं खरं. फक्त दोघांनी ते आपापल्या दुखण्याबाबत केलं, एवढा तपशील काकांच्या सांगण्यात येत नाही. शिवाय निसर्गदत्त महाराज चांगले तापट होते. विड्या विकून संसार केलेला माणूस. पोपटपंची ऐकली की खडसावायचे. काकांचं तरुणपणी खेतवाडीला जाणं घडलं नाही, हे मात्र खरोखरच ठीक झालं.

काका ढोंगी असते तर बरं झालं असतं. स्वतःची दाढ दुखली की यांचं अद्वैत पळतं, असं सांगून मोकळं होता आलं असतं. पण गेल्या पावसाळ्यात जिन्यावरून घसरून त्यांचा उजवा हात मोडला, तर माणूस गळ्यात झोळी अडकवून हसतोय! समाचाराला गेलेल्यांचीच पंचाईत. 'अरेरे' म्हणायची सोय नाही. 'पडणं झालं,' एवढंच म्हणाले, तेही कौतुकानं. पुढे प्लास्टर निघेपर्यंत काकू त्यांना भात कालवून भरवत होत्या, शर्टाची बटणं लावत होत्या. 'ह्यांचा हात मिथ्या,' काकू म्हणाल्या, 'पाठ घासायची ती तेवढी खरी.'

माझा आणि काकांचा संबंध छतापुरता. त्यांच्या बाथरूममधलं पाणी माझ्या स्वयंपाकघरात, नेमकं शेगडीवर ठिबकतं. तक्रार घेऊन वर गेलो, तर म्हणाले, 'वरचा मजला, खालचा मजला, या उपाध्या. पाणी पाण्याला भेटतंय.'

'काका, ते आमटीला भेटतंय.'

यावर ते इतके मनापासून हसले की भांडण काढणं मलाच जड गेलं. चहा पिऊन खाली आलो आणि आमटीचं पातेलं मागच्या बर्नरवर सरकवलं.

शेवटी काकूंनीच प्लंबर आणला. त्यानं टाइल्स फोडल्या, पाइप बदलला, सांध्यात व्हाइट सिमेंट भरलं आणि हिशेब पुढे केला.

'दिले जातील,' काका म्हणाले.

'कोण देणार?'

'कोण!' काका उजळले. 'अरे, मूळ प्रश्नालाच हात घातलास. बैस.'

प्लंबर बसला. अर्ध्या तासानं उठला तेव्हा बिलात बसण्याचे शंभर रुपये वाढले होते. काकूंनी तेही दिले.