कप्तान, मुक्काम पोस्ट वर्धा

आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावरच्या टपरीत कप्तान रोज सकाळी सातला येतात, बाकावर बसतात आणि पोऱ्याला सांगतात, "कप पोर्टला ठेव." पोऱ्या कप डावीकडे ठेवतो. सुरुवातीला तो गोंधळायचा. आता तोच नव्या गिऱ्हाइकाला सांगतो, "पाण्याचा जग स्टारबोर्डला हाय जी."

एकदा मी त्यांच्याकडे तोंड करून बसलो आणि माझ्या डाव्या हाताला बोट दाखवून म्हणालो, "म्हणजे हा पोर्ट." कप्तानांनी कप खाली ठेवला. "तो तुमचा डावा हात आहे. पोर्ट होडीचा असतो. या बाकाची नाळ, म्हणजे पुढचं टोक, स्टेशनकडे. माणूस कितीही फिरो, पोर्ट फिरत नाही." हे वाक्य त्यांनी मला आजवर किमान तीसदा ऐकवलं असेल.

कप्तान पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं होते. धरणात पाणी किती, कालव्यात किती सोडलं, सगळं रजिस्टरात. त्या पाण्यात त्यांचा पाय घोट्याच्या वर कधी भिजला नाही. निवृत्तीनंतर लेकीकडे गोव्याला गेले. तिथे राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेत मोटरबोट चालवायला शिकवतात. जावयाने हौसेनं नाव घातलं. परत आले ते एक प्रमाणपत्र, एक निळी टोपी, चार लाइफ जॅकेटं आणि दोनशे शब्द घेऊन. होडी तेवढी आणली नाही. आणून ठेवणार कुठे? वर्ध्याहून मुंबईचा समुद्र रेल्वेने साडेसातशे किलोमीटरच्या वर.

पण शब्दांना पाणी लागत नाही. लुनावरून बाजारात गेले की "बावीस नॉटनं आलो" म्हणतात. एक नॉट म्हणजे तासाला १.८५२ किलोमीटर, म्हणजे साधारण चाळीसचा वेग. पूर्वी जहाजाच्या मागे गाठी मारलेला दोर सोडायचे आणि ठरावीक वेळात किती गाठी हातातून गेल्या ते मोजायचे, म्हणून ती गाठ. हे त्यांनी मला ऐन वाहत्या रस्त्यात, लुना मधोमध उभी करून सांगितलं.

डावं-उजवं सरळ म्हणायला काय होतं, असं विचारायची चूक मी एकदा केली. पाऊण तास गेला. जुन्या जहाजांना मागे मधोमध सुकाणू नसायचं. उजव्या अंगाला एक मोठं वल्हं बांधून त्यानं जहाज वळवायचे. वळवायची बाजू ती स्टारबोर्ड. ते वल्हं धक्क्यावर आपटून मोडू नये म्हणून जहाज डाव्या अंगानं बंदराला लावायचे, म्हणून डावी बाजू पोर्ट. डाव्या बाजूचं त्याआधीचं नाव लारबोर्ड. वाऱ्यावादळात लारबोर्ड आणि स्टारबोर्ड सारखेच ऐकू येणार, मग ब्रिटिश नौदलानं १८४४ मध्ये हुकूम काढून लारबोर्ड बंदच करून टाकलं. रात्री पोर्टला लाल दिवा, स्टारबोर्डला हिरवा. हे लक्षात कसं ठेवायचं? गोव्यात म्हणे पोर्ट वाइनचा रंग सांगतात. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी. त्यामुळे कप्तानांनी स्वतःची युक्ती काढली. "लाल बावटा कोणाचा? डाव्यांचा. झालं!" एवढ्या एका गोष्टीसाठी मी त्यांना मानतो.

मे महिन्यात त्यांनी गल्लीतल्या पोरांची शिबिरं घेतली. अंगणात बाज उलटी टाकायची, चार पाय वर, पोरं आत. उशाकडचं टोक बो, पायाकडचं स्टर्न, मधली रुंदी बीम. काठाला गनेल. इंग्रजीत लिहितात गनवेल, म्हणतात गनेल. पोरांना त्यात काही वावगं वाटलं नाही. त्यांच्या शाळेतलं निम्मं इंग्रजी तसंच असतं. पाण्याखाली होडी जेवढी बुडते तो ड्राफ्ट, पाण्यावर जेवढी उरते तो फ्रीबोर्ड. माणसं वाढली की ड्राफ्ट वाढतो, फ्रीबोर्ड घटतो. बाजेत अकरावं पोरगं चढलं तेव्हा सुंभ तुटलं आणि फ्रीबोर्ड संपला.

खरा घोळ झाला तो शेजारचे एक शेतकरी काका कुंपणाशी येऊन उभे राहिले तेव्हा. कप्तान म्हणाले, होडीच्या अंगाला हल म्हणतात. काका म्हणाले, "हल म्हणजे नांगरच नं जी, हिंदीत?" कप्तान म्हणाले, "नाही, नांगर वेगळा. नांगर दोराला बांधून पाण्यात टाकतात." काकांनी तंबाखू मळायची थांबवली. "पाण्यात? पेरता काय मंग?" आता यात काकांचं काय चुकलं? आपल्या मराठीनं फारशी लंगरचाही नांगर केला आणि शेतातला होताच. कोकणात नांगर टाकला म्हणजे होडी थांबली. इकडे नांगर टाकला म्हणजे शेती सोडली. मी मधे पडून, कोकणात 'बो'ला नाळ म्हणतात, असं सांगून पाहिलं. आतून काकू म्हणाल्या, "नाळ बाळाची असते." कप्तानांनी वर्ग तिथंच सोडला.

तरी दोराचा धडा चांगला झाला. पाणी जेवढं खोल, त्याच्या पाच ते सात पट दोर सोडायचा, म्हणजे ओढ आडवी पडते आणि नांगर तळाला धरतो. दोर मोजायचा फॅदमनं; एक फॅदम म्हणजे सहा फूट. काका म्हणाले, "मंग वाव म्हना नं." आणि दोन्ही हात पसरून त्यांनी दोर मोजून दिला. कप्तानांनी पुन्हा मोजला तर दोन वाव जास्त भरला. कप्तान उंचीनं पाच फूट दोन इंच आहेत.

नागपूरच्या एसटीत ते मला घेऊन आता नेहमी पोर्टला बसतात. त्यामागेही कथा आहे. विलायतेहून हिंदुस्थानात येणारे साहेब येताना पोर्टची खोली घ्यायचे, परतताना स्टारबोर्डची, म्हणजे दोन्ही वेळा सावली. पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम, या चार शब्दांच्या आद्याक्षरांचा पॉश झाला. शब्दकोशवाले ही व्युत्पत्ती मानत नाहीत, हे मी त्यांना सांगितलं नाही. सांगायची गरज पडली नाही. नागपूर वर्ध्याच्या ईशान्येला. सकाळी जाताना ऊन उजवीकडून येतं, आणि संध्याकाळी परततानाही उजवीकडूनच. एकदा साहेबांच्या सूत्रानं परतीला स्टारबोर्डला बसलो आणि दोघंही बुटीबोरीपासून भाजत आलो.

दिवाळीनंतर त्यांनी ठरवलं, आता पाण्यात उतरायचं. पुलगावजवळ वर्धा नदीच्या काठी एका ढिवराचा डोंगा होता. कप्तान टोपी घालून, चारही जॅकेटं घेऊन आले. म्हातारा हसला. "आमी पान्यातलेच जी. आमाले कायले?" कप्तान हसले नाहीत. २०२१ च्या सप्टेंबरात याच नदीत, वरूड तालुक्यात झुंजला डोंगा उलटून अकरा जण गेले होते. कप्तान म्हणाले, "तुम्ही घालाल तेव्हा मी बसेन." उन्हात वीस मिनिटं उभे राहिले. शेवटी म्हाताऱ्यानं जॅकेट चढवलं. छातीवरचे पट्टे कप्तानांनी स्वतः आवळले, मग माझे.

डोंगा निघाला. कप्तान पुढच्या टोकाला, तोंड समोर. "बो," ते म्हणाले, आणि हात पसरून, "पोर्ट. स्टारबोर्ड." चौतीस वर्षांची नोकरी आणि एका बाजेचा बळी, सगळं त्या आवाजात होतं. म्हातारा मागच्या टोकाला बसून एका चपट्या फळीनं पाणी मागे सारत होता. समोर पाण्यात एक खुंट दिसला. कप्तान ओरडले, "हार्ड टू पोर्ट!" म्हातारा त्याआधीच डावीकडून निघाला होता.

पलीकडच्या काठाला टेकलो, जरा बसलो, परत निघायची वेळ झाली. कप्तान डोंगा वळवायची वाट बघत होते. म्हाताऱ्यानं डोंगा वळवला नाही. तो बसल्या जागी स्वतःच वळला, आमच्या मधून वाकून चालत कप्तानांच्या टोकाशी आला, "सरका जी," म्हणाला, आणि तिथून फळी मारायला लागला. डोंगा दोन्हीकडून सारखाच निमुळता होता. जे पुढे होतं ते मागे झालं.

कप्तान बराच वेळ आपल्या दोन हातांकडे आळीपाळीनं बघत होते. मग त्यांनी हलक्या आवाजात विचारलं, "दादा, या टोकाला काय म्हणता तुमी?"

"टोक."

"अन् त्या?"

"थे टोक."

कप्तानांनी खिशातून वही काढली. बो: हे टोक. स्टर्न: ते टोक. जरा थांबले, आणि खाली पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलं, जाताना.