करंजीचं ऋण

अकरा वर्षांपूर्वीच्या नाताळात, महिला मंडळाच्या भरल्या बैठकीत, मोठ्या जाऊबाईंनी माझी करंजी मोडायचा दोनदा प्रयत्न केला आणि विचारलं, "जवळपास दातांचा डॉक्टर आहे का गं कुणी?" सगळ्या हसल्या. मीही हसले. पण मनातल्या वहीत नोंद झाली, आणि त्या वहीला वाळवी लागत नाही.

नगरच्या चर्चमध्ये आम्ही दोघी दर रविवारी एकाच बाकावर प्रभूची प्रार्थना म्हणतो. त्यातल्या क्षमेच्या ओळीत मत्तयाच्या मराठी शुभवर्तमानात शब्द आहे ‘ऋण’. आपण दुसऱ्याला सोडायचं आणि देवाकडे आपली सूट मागायची, असा रोखठोक व्यवहार. त्या ओळीला माझा आवाज हमखास बारीक व्हायचा.

त्याच शुभवर्तमानात पुढे पेत्राने येशूला विचारलं, भावाला सात वेळा क्षमा करू का? येशूने साताला सत्तरने गुणलं. ४९०! मला तर एकदाच करायची होती. केली. दुसऱ्या दिवशी कणीक मळताना तो डॉक्टर आठवला. पुन्हा केली. एका करंजीपायी पन्नासेक क्षमा खर्ची पडल्या.

त्याच अध्यायात पुढे एका चाकराची गोष्ट आहे. धन्याने त्याचे दहा हजार तालंत सोडले. त्याने बाहेर पडताच शंभर दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरला. दिनार म्हणजे मजुराचा एका दिवसाचा रोज, आणि तालंत म्हणजे सुमारे सहा हजार दिनार. एकही सुट्टी न घेता राबलं, तरी दीड लाख वर्षांत फिटणार नाही एवढं ते कर्ज. काय माणूस तरी, असं मी दरवेळी म्हणायचे.

यंदा फराळासाठी माळ्यावरून मोठा स्टीलचा डबा काढला. घासताना बुडाशी कोरलेलं नाव दिसलं. जाऊबाईंचं! थोरल्याच्या बारशाला आणला होता. थोरला आता कॉलेजात आहे. म्हणजे माझ्या वहीपेक्षा त्यांची उधारी जुनी, आणि एवढ्या वर्षांत त्यांनी एका शब्दाने मागितली नव्हती.

डबा रिकामा कसा परत करायचा? करंज्या भरून नेला. "अगं, असू दे की, तुला लागत असेल म्हणून मी विचारलं नाही," म्हणत त्यांनी एक करंजी तोंडात टाकली, सावकाश चावली आणि म्हणाल्या, "या खेपेला जरा बऱ्या झाल्यात."

त्या ‘जरा’ची नोंद मी केलेली नाही. केलीच, तरी अजून चारशेवर शिल्लक आहेत.