आधी बॅग, मग जीव

29 एप्रिल 2019. दिल्लीहून आलेलं स्पाइसजेटचं बोइंग 737 शिर्डीच्या काकडी विमानतळावर धावपट्टी ओलांडून मातीत गेलं. प्रवासी सुखरूप. श्रेय अर्थातच बाबांना. कमरेच्या पट्ट्याला कुणी नारळही फोडला नाही.

नियम असा, की निम्मी दारं बंद असली तरी 90 सेकंदांत अख्खं विमान रिकामं व्हायला हवं. चाचणीत ते जमतं, कारण तिथली माणसं वरच्या कप्प्यातून बॅग काढत बसत नाहीत. आपल्याकडे चाकं टेकताच पट्टे सुटतात आणि निम्मं विमान उभं! संकटकाळी दार कुठं, हे हवाईसुंदरी हातवारे करून सांगते, तेव्हा आपण सेल्फी काढत असतो.

जून 2025 मध्ये अहमदाबादच्या अपघातात 11ए सीटवरचा एकटाच वाचला. तेव्हापासून लोक जादा पैसे मोजून 11ए मागतात. प्रत्येक विमानात ती दाराजवळ नसते, हे कोण बघतो? दारापर्यंतच्या रांगा मोजणं फुकट आहे, म्हणूनच बहुधा नको असतं.

दर्शन उरकून हीच मंडळी नगर-मनमाड रस्त्यानं शिंगणापूरला निघतात. मागच्या सीटचा पट्टा गादीखाली खोचलेला. तो उपसायला लागलं, तर ड्रायव्हर दुखावतो, ‘‘का साहेब, आपल्यावर भरोसा नाय व्हय?’’