सव्वा गुंठ्यासाठी जुना ट्रॅक्टर : नवशिक्यांची मार्गदर्शिका

अभिनंदन! सुरतेजवळच्या सचिन गावच्या औद्योगिक वसाहतीत, जीआयडीसीत, इतकी वर्षं दिवसपाळ्या-रातपाळ्या भरल्या, डाइंगची वाफ खाल्ली, आणि शेवटी स्टेशनपासून आत, जिथे रिक्षावाला यायला कुरकुरतो तिथे, दीडशे वारांचा प्लॉट तुमच्या नावावर झाला. घर बांधायला पैसे साठेपर्यंत तिथे भरिताची वांगी लावायची, कडेनं दोन आंबे, कोपऱ्यात कढीपत्ता, असा तुमचा बेत आहे. दीडशे वार म्हणजे साडेतेराशे चौरस फूट, म्हणजे सव्वा गुंठा. एवढ्याला कुदळ पुरते, असं घरातून ऐकवलं जाईल. ऐकून घ्या. वाद घालू नका. अमळनेर, शिरपूर, शहादा सोडून ताप्ती लाइनच्या गाडीनं उधन्याला उतरलेल्या माणसाला पुन्हा कुदळच धरायला सांगणाऱ्यांना आपण काय समजावणार?

तुम्हाला ट्रॅक्टर हवाय. नवा परवडत नाही, मोठा गेटातून आत येत नाही. राहिला जुना मिनी. तो कसा निवडायचा ते पायरी-पायरीनं बघू.

१. आधी कामांची यादी करा

यादी लांब असली पाहिजे, खरी असण्याची गरज नाही. माती सपाट करणे, खत ओढणे, पाण्याची टाकी आणणे, कंपाउंडचे खड्डे, बांधकाम सुरू झालं की रेती-कपची. ही यादी फ्रिजवर चिकटवा. खरं ठरणारं पहिलं काम मात्र या यादीतच नाही: पावसाळ्यात इथली काळी माती फुगते, तेव्हा शेजाऱ्यांच्या रुतलेल्या गाड्या ओढून काढणे. त्याचे पैसे मिळत नाहीत, चहा मिळतो.

"तासावर ट्रॅक्टर बोलावला तर काही शे रुपयांत काम होतं," हे वाक्य कुणी उच्चारण्याआधी विषय बदला. प्लॉट तीस बाय पंचेचाळीस फुटांचा आहे. रोटाव्हेटर तीन फुटांचा धरला तर दहा फेऱ्यांत रान संपतं. हा हिशोब फ्रिजवर चिकटवू नका.

२. ताकद ठरवा

इथे नवशिके बिचकतात. सोपा नियम असा: प्लॉट जितका लहान, तितके हॉर्सपॉवर बोलताना मोठे वाटले पाहिजेत. महिंद्राचा युवराज २१५ आणि स्वराज ७१७ हे १५ हॉर्सपॉवरचे, एका सिलिंडरचे. एक सिलिंडर म्हणजे चालू ट्रॅक्टरच्या बॉनेटवर ठेवलेला चहाचा कप आपोआप तुमच्याकडे चालत येतो. मित्सुबिशी शक्ती साडेअठरा हॉर्सपॉवरचा, तीन सिलिंडरचा, त्यामुळे आवाजाला सभ्य. राजकोटचा कॅप्टन इकडे भरपूर दिसतो. कुबोटाचा निओस्टार २४ हॉर्सपॉवरचा आणि चारही चाकांना ओढ असलेला. तो बघून तुमची छाती भरून येईल, किंमत ऐकून पुन्हा रिकामी होईल.

एखादा तुम्हाला एचएमटी २५११ दाखवेल आणि म्हणेल, "इंजिन मरतच नाही." इंजिनाचं खरंही असेल. कंपनीचा पिंजोरचा ट्रॅक्टर कारखाना मात्र २०१६ साली बंद करायचं ठरलं. ट्रॅक्टर अमर आणि स्पेअर पार्ट दुर्मीळ, असा हा योग. ज्यांना दर रविवारी भंगारबाजारात फिरायची हौस आहे त्यांनी अवश्य घ्यावा.

३. मागचा जन्म विचारा

दलाल सांगेल, "घरनी गाडी छे." प्रत्येक जुना ट्रॅक्टर घरचाच असतो आणि प्रत्येक मालक त्यावर फक्त रविवारी बसलेला असतो. तरी विचारा.

गणदेवी-अमलसाडच्या चिकूच्या वाडीतून आला असेल तर बॉनेट फांद्यांनी ओरबाडलेलं असेल, हे चांगलं लक्षण, कारण ते खोटं करणं अवघड. नाशिकच्या द्राक्षबागेतून आला असेल तर त्यानं हंगामभर ब्लोअर फिरवून औषध मारलेलं असतं. असा ट्रॅक्टर फार ओढत नाही, पण त्याचा पीटीओ, म्हणजे अवजार फिरवणारा मागचा दांडा, अखंड फिरलेला असतो आणि औषधाच्या फवाऱ्यानं मागचा पत्रा आतून खाल्लेला असतो. वरून रंग ताजा. रेती-विटांच्या ट्रॉलीला जुंपलेला असेल तर क्लच आणि क्राउन-पिनियन दोन्ही दमलेले. बारडोली-चलथानच्या ऊसपट्ट्यातून आलेला असेल तर तो मिनी नाही, तुम्ही चुकीच्या वाड्यात उभे आहात.

नवशिक्यांसाठी खास सूचना: उत्तर काहीही येवो, समजल्यासारखी मान हलवा आणि पुढच्या टायरला लाथ मारा. या लाथेतून आजवर कुणाला काही कळलेलं नाही. पण ती न मारता परत आलेलं गिऱ्हाईकही कुणी पाहिलेलं नाही.

४. सोबत कोणाला न्यावं

मिलमध्ये तुमच्या ओळखीचा एक फिटर असेल. त्याला इंजिन कळतं. त्याला नेऊ नका. तो आल्या आल्या बॉनेटला हात लावेल आणि म्हणेल, "गरम आहे. सकाळीच चालू करून ठेवलाय. थंड होऊ द्या, मग सेल्फ मारू." तो डिपस्टिक काढेल, ऑइल दुधाळ दिसलं तर आत पाणी शिरलंय असं सर्वांदेखत सांगेल. मागे अवजार उचलायला लावेल, इंजिन बंद करेल आणि बिडी ओढत उभा राहील. बिडी संपेपर्यंत अवजार खाली आलं तर हायड्रोलिक गेलंय, म्हणेल. वरचा गिअर टाकून, ब्रेक दाबून, क्लच सोडून बघेल. इंजिन तिथल्या तिथे बंद पडलं तर क्लच शाबूत, आणि आरामात घुरघुरत राहिलं तर क्लच घसरतोय. अर्ध्या तासात तो तुमचा सगळा आनंद घालवेल, वर घरी जाताना पेट्रोलही तुम्हालाच टाकायला लावेल.

त्याऐवजी मेहुणा, सोसायटीचे सेक्रेटरी आणि गावाकडून डोळे दाखवायला आलेले आप्पा, अशी मंडळी न्या. त्यांना मतं असतात. आप्पा ट्रॅक्टरभोवती एक फेरी मारून "लोखंड जुनं आहे भो, आता असं लोखंड येत नाही" म्हणतील. या वाक्यावर व्यवहार होतात.

५. धूर वाचा

काळा धूर म्हणजे हवा कमी, डिझेल जास्त. बऱ्याचदा एअर फिल्टर बदलून भागतं. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, इंजिन उघडायला लागणार. पांढरा धूर थंड इंजिनात जरा वेळ चालतो, गरम झाल्यावरही येत राहिला तर काळजीचं. हे तिन्ही रंग तुम्ही पाठ करून जाल. तिथे दलाल म्हणेल, "पाटील, नवा फिल्टर आहे, म्हणून." तुमचं आडनाव पाटील नसलं तरी हरकत नाही. खानदेशी बोली कानावर पडली की इकडे माणूस आपोआप पाटील होतो, आणि पाटलानं घासाघीस करायची नसते.

६. तासांचं मीटर

ट्रॅक्टरचं वय किलोमीटरवर नाही, इंजिनाच्या तासांवर मोजतात. जुन्या ट्रॅक्टरवर हे मीटर बंदच असतं. चालू असलं तर जास्त घाबरा. मीटरवर आठशे तास आणि क्लचच्या पेडलचं रबर गुळगुळीत, स्टिअरिंगवर बोटांचे खळगे, सीटचा स्पंज उडालेला, असं दिसलं तर मालकाला विचारायचं नाही. तो सांगेल, "मुलं खेळतात वर बसून."

७. कागद, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे ताबा

इथे मात्र जरा थांबा, कारण सचिनमध्ये राहून हे न कळणं शोभत नाही. तुम्ही ज्या गावात राहता त्याचं संस्थान मुळात एका जुन्या मालाच्या व्यवहारातून जन्मलं. जंजिऱ्याच्या सिद्दींमध्ये गादीवरून भांडण झालं. बाळू मियाँ नावाचा हक्कदार पुण्याला पेशव्यांकडे गेला. १७९१ साली करार झाला: बाळू मियाँनं जंजिऱ्यावरचा हक्क पेशव्यांना लिहून दिला, आणि बदल्यात सुरतेजवळची गावं घेतली. ती गावं म्हणजे सचिन. बाळू मियाँचे वंशज इथे थेट १९४८ पर्यंत नवाब राहिले. आणि पेशव्यांना जंजिरा? तो मिळालाच नाही. किल्ल्यात दुसराच सिद्दी बसलेला होता आणि त्यानं कुठलाही कागद बघायला नकार दिला. ज्यांच्या पदरी नाना फडणवीस होते, त्यांनी विकणाऱ्याकडे माल आहे का हे न बघता सौदा केला.

तुमच्याबाबतीत किल्ल्यातला सिद्दी म्हणजे फायनान्स कंपनी. आरसी बुकावर तिचं नाव चढलेलं असतं, हप्ते थकलेले असतात, आणि तुम्ही इसार दिल्यानंतर दोन मुलं मोटरसायकलवरून येऊन किल्ली मागतात. तेव्हा फॉर्म ३५ घ्या, तो कर्ज उतरल्याचा. नावबदलाचे फॉर्म २९ आणि ३०. दुसऱ्या राज्यात नेणार असाल तर आरटीओचा ना-हरकत दाखला, फॉर्म २८. चेसिस नंबर प्लेटवर आणि बुकात एकच आहे ना ते बघा. प्लेटच्या जागी ग्राइंडरची चमक दिसली तर तिथल्या तिथे पोटदुखी काढून घरी या.

हे सगळं वाचूनही तुम्ही "नंतर करू, माणूस ओळखीचा आहे" म्हणणार आहात. हरकत नाही. पेशवेही तसंच म्हणाले असतील.

८. भाव

२२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. नवे स्वस्त झाले की जुनेही उतरायला हवेत. ही गोष्ट जुना ट्रॅक्टर विकणाऱ्याच्या कानावर आलेली नाही, आणि तुम्ही सांगितलीत तर तो म्हणेल, "मग नवाच घ्या ना, पाटील."

निम्म्यापासून सुरू करा. तो हसेल. तुम्ही चालू लागा, अगदी हळू, म्हणजे त्याला हाक मारायला वेळ मिळेल. त्यानं हाक मारली नाही तर चप्पल अडकल्याचं निमित्त करून थांबा. आप्पा मध्ये पडतील आणि त्याच्या आकड्याजवळचा आकडा सांगतील. आप्पांना जेवायला घरी जायची घाई आहे.

९. घरी आणल्यावर

नारळ फोडा. स्वस्तिक काढा. मग लक्षात येईल की ट्रॅक्टर हे नुसतं ओढणारं यंत्र आहे, ओढायचं काय ते वेगळं विकत मिळतं. रोटाव्हेटर, कल्टिव्हेटर, ट्रॉली. ट्रॅक्टर एकदा लागतो, अवजारं दर दसऱ्याला लागतात.

पहिल्या नांगरणीला शेजारी गच्चीवर उभे राहतील. सहावी फेरी संपेपर्यंत सगळं झकास चालेल. पुढे कळेल की वळायलाही जागा लागते. दोन्ही टोकांना आठ-दहा फूट रान तसंच राहतं आणि कंपाउंडच्या भिंतीशी ट्रॅक्टर आडवा अडकतो. उरलेली जमीन कुदळीनं करा. कुदळ घरात आहेच, आणि कुठे ठेवलीय तेही आता तुम्ही न विचारताच घरातून सांगितलं जाईल.

१०. गावाला नेण्याचा विचार

वांगी लागली नाहीत की हा विचार येतोच. "गावाला भावाच्या वाट्याच्या शेतात कामाला येईल." सचिनहून पलसाणा, बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर, मग कोंडाईबारीचा घाट, पुढे साक्री आणि धुळे. दोनशेहून जास्त किलोमीटर, आणि मिनी ट्रॅक्टरचा वेग ताशी वीस-पंचवीस. पहाटे निघा, टाकी गुजरातच्या हद्दीतच भरा, डिझेल स्वस्त पडतं. नवापूरला विसावा घ्या. तिथलं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे. तुमच्या ट्रॅक्टरला मात्र ही सवलत नाही. बारा महिन्यांहून जास्त तिकडे ठेवायचा तर नोंदणी नव्यानं करावी लागते. जीजे-०५ ची पाटी बघून गावात प्रत्येकजण विचारेल, "सुरतहून आणला? केवढ्याला पडला?" खरा आकडा सांगू नका. भाऊ ट्रॅक्टरभोवती एक फेरी मारेल, टायरला लाथ मारेल आणि सांगेल की शेत यंदा वाट्यानं दिलंय, त्या माणसाकडे पंचेचाळीस हॉर्सपॉवरचा आहे.

११. खरं काम

निराश होऊ नका. भाद्रपद येतो. उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली, सचिन, जिथे जिथे खानदेशी गल्ली आहे तिथे गणपती आहे, आणि प्रत्येक गणपतीला ट्रॉली ओढायला काहीतरी हवं असतं. मोठा ट्रॅक्टर गल्लीत वळत नाही. तुमचा वळतो. मंडळाची पोरं, ज्यांनी आजवर तुम्हाला फक्त वर्गणीपुरतं ओळखलं, ती "भाऊ, भाऊ" करत दारात येतील.

लगेच हो म्हणू नका. आधी तीन गोष्टी ठरवून घ्या. डिझेल मंडळाचं. ड्रायव्हर मंडळाचा, कारण क्लच अर्धा दाबून डीजेच्या तालावर मुंगीच्या चालीनं पाच तास ओढणं तुम्हाला जमणार नाही. आणि क्लच प्लेट जळाली तर खर्च कोणाचा, हे मूर्ती चढवण्याआधी चार लोकांसमोर बोलून घ्या. त्यांनी "बाप्पा बघून घेतील" असं उत्तर दिलं, तर नवी क्लच प्लेट आधीच आणून ठेवा.