काठी वगळून

आमच्या गावच्या स्मारक समितीचे सभासदत्व गेल्या वर्षी, माझा कोणताही अपराध नसताना, मजकडे चालून आले. आणि तेव्हापासून थोर पुरुषांविषयीचा आपला आदर किती सूक्ष्म विचारांती व किती काटेकोर जमाखर्चानिशी सिद्ध होतो, हे जवळून पाहण्याचे भाग्य मला लाभले आहे. पुतळा व्हावयाचा आहे तो गाडगेबाबांचा. १८७६ साली अमरावती जिल्ह्यात एका परीट कुटुंबात जन्मलेले, चिंध्या पांघरून व खराटा घेऊन गावोगाव हिंडणारे हे गृहस्थ, ज्या गावी रात्री कीर्तन करावयाचे तेथील रस्ते दिवसा स्वतः झाडून काढीत. आपला कोणी शिष्य नाही व आपण कोणाचे गुरू नाही, असे वारंवार बजावीत. आणि एवढ्यानेही ज्याची समजूत पटत नसे व जो पायांशी वाकतच असे, त्याच्यावर काठी उगारीत.

ही काठीच समितीला प्रथम आडवी आली. इतिहासाशी इमान राखावयाचे तर ती हातात हवी, असे एक वयोवृद्ध शिक्षक म्हणाले. परंतु लोकांनी नतमस्तक व्हावे याच हेतूने पुतळा उभारावयाचा असताना, नतमस्तक होणाऱ्यावरच उगारलेली काठी ब्राँझमध्ये ओतविणे म्हणजे देणगीदारांच्या भावनांशी खेळणे होय, ही दुसऱ्या सभासदांची हरकत बिनतोड ठरली. सबब काठी वगळण्याचा ठराव एकमताने मंजूर झाला. (शिक्षक त्या वेळी चहा घेत होते.) खराट्यावर तर दोन बैठका खर्ची पडल्या. तो जमिनीकडे वळलेला दाखविल्यास बाबा खरोखरीच झाडीत आहेत असा गैरसमज पसरण्याचा संभव असल्यामुळे, राजदंडासारखा उंच धरलेला खराटा पसंत करण्यात आला. चौथऱ्याची उंची मात्र अशी बेतली आहे की, मध्यम बांध्याच्या मनुष्यास कंबर न वाकविताही बाबांच्या चरणी मस्तक टेकता यावे.

मी एकदा धीर करून हरकत घेतली. १९४३ साली पुण्यात रानड्यांच्या जयंतीनिमित्त व्याख्यान देताना डॉ. आंबेडकरांनी विभूतिपूजेवर कोरडे ओढले होते, आणि पुढे २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत, धर्मातील भक्ती आत्म्याला मुक्तीकडे नेत असेल, पण राजकारणातील भक्ती अधःपाताकडे व अखेर हुकूमशाहीकडे नेते, असा इशारा दिला होता, हे मी सभेच्या नजरेस आणले. अध्यक्ष सद्गदित झाले. हा विचार संगमरवरावर सुवर्णाक्षरांनी कोरून डॉक्टरसाहेबांच्या नियोजित पुतळ्याखाली बसवावा, असा ठराव त्यांनी तिथल्या तिथे मांडला, आणि सूचक म्हणून माझेच नाव इतिवृत्तात नोंदविले. मीही ते खोडविले नाही.

यात समितीला बोल लावण्यात अर्थ नाही. मनुष्य मनुष्यच राहिला तर त्याचे म्हणणे एक तर ऐकावे लागते, नाही तर खोडून काढावे लागते, आणि दोहोंसही कष्ट पडतात. त्याचा देव केला की या दोन्ही जबाबदाऱ्यांतून सुटका होऊन वर्षाकाठी एका हारावर भागते. शिवाय देवाच्या पुजाऱ्याला हिशेब कोण विचारणार?

एक लहानशी अडचण तेवढी उरली आहे. पुतळ्यासाठी मिळालेल्या मोक्याच्या जागेवर, बाजाराच्या कोपऱ्यात, गावचा कचरा साठतो. तो उचलणे हे नगरपालिकेचे काम की समितीचे, याबद्दल पत्रव्यवहार चालू असून, तूर्त त्याभोवती कनात लावण्याची तजवीज झाली आहे. अनावरण बाबांच्या जयंतीदिनी, २३ फेब्रुवारीस होईल. देणग्या रोख अथवा धनादेशाने स्वीकारल्या जातील. गेल्या आठवड्यात काही मुले खराटे घेऊन आली होती. वाचकांनी कृपया तसे करू नये, ते ठेवावयास समितीपाशी जागा नाही.