दोरा लपवणारे, दोरा पुसणारे

शेजारच्या अंकलचा धाकटा मालाडला व्हीएफएक्सच्या कुठल्याशा स्टुडिओत लागलाय, हे आमच्या वसईच्या अख्ख्या वाडीला ठाऊक होतं. तिथे तो नेमकं करतो काय, हे मात्र काल कुंपणावर कळलं. मी जास्वंदीला पाणी घालत होते, पलीकडे आंटी सुके बोंबील निवडत होत्या.

"काय सांगू ताई, सकाळी विरार लोकलला लटकून जातो, रात्री जेवायला साडेदहा वाजवतो. आणि काम काय, तर तारा पुसतो!"

"तारा?"

"हिरो हवेत उडतो ना? त्याला तारेने टांगलेला असतो म्हणे. ती तार ह्याने कॉम्प्युटरवर पुसायची, एकेका फ्रेममधून. एका सेकंदात चोवीस फ्रेम! वायर रिमूव्हल म्हणतात. आता मुलीकडच्यांना सांगू काय, मुलगा तारा पुसतो म्हणून?"

तेवढ्यात अंकल केळ्यांचा लोंगर खांद्यावर घेऊन आले. पिक्चरचा विषय म्हटल्यावर ते लोंगर खाली ठेवायचंसुद्धा विसरले.

"लाजतेस कशाला? बाबूभाई मिस्त्रींना तर अख्खी इंडस्ट्री 'काळा धागा' म्हणायची!"

मग कथाच सुरू झाली. 1933 साली हॉलिवूडमध्ये 'द इन्व्हिजिबल मॅन' आला. त्यात क्लॉड रेन्सला डोक्यापासून पायापर्यंत काळ्या मखमलीत गुंडाळला, मागेही काळी मखमल लावली आणि वरून फक्त कपडे चढवले. काळ्यावर काळं मिसळून गेलं, कपडे तेवढे चालताना दिसले. दिग्दर्शक विजय भट्टांना तसाच पिक्चर आपल्याकडे करायचा होता. 1937 च्या 'ख्वाब की दुनिया'साठी बाबूभाईंनी जुगाड काढलं : मागे काळा पडदा, वस्तूला बारीक काळा दोरा, आणि कॅमेऱ्याबाहेर दोरा ओढणारा माणूस. वस्तू आपोआप हलल्या, पब्लिक खूश, आणि बाबूभाईंना टोपणनाव चिकटलं ते कायमचं.

"म्हणजे आपल्या 'मिस्टर इंडिया'चे पणजोबाच की," मी म्हटलं.

"मग! 1987 चा पिक्चर. घड्याळ दाबलं की अनिल कपूर गायब, लाल उजेड पडला की हजर. कॉम्प्युटर होता कुठे तेव्हा? ट्रिकचं काम होतं पीटर परेरांचं."

परेरा म्हटल्याबरोबर आंटींनी बोंबील बाजूला ठेवले आणि नातं लावायला घेतलं. "परेरा म्हणजे गिरीजचे की भुईगावचे?" अंकलनी हात जोडले.

आमच्याकडे तो पिक्चर व्हीसीआर भाड्याने आणून अंगणात लावला होता. बजरंगबलीची मूर्ती हवेत तरंगत गुंडांना बडवते, तेव्हा अर्धी वाडी टाळ्या पिटत होती आणि उरलेली अर्धी 'तार कुठाय, तार कुठाय' म्हणत टीव्हीला चिकटली होती. दुसऱ्या दिवशी माझ्या भावाने आजीच्या तपकिरीच्या डबीला काळा दोरा बांधला. आजीने हात पुढे केला की डबी पुढे सरकायची. मार बसला, पण ट्रिक जमली.

"तेच म्हणते मी," मी हे सांगताच आंटींनी पकडलं. "दोरे दिसायचे! 'जुनं ते सोनं' कशाला म्हणायचं? आमचा मुलगा पुसतो ते बरंच की."

"दिसायचे ना. कितीतरी पिक्चरमध्ये दोरेच काय, दोरा धरणाऱ्याची सावलीसुद्धा दिसायची," अंकल म्हणाले. "पण 'हे केलं कसं' असं तरी वाटायचं. आता कोणी विचारतं का? 'कॉम्प्युटरवर केलंय' म्हटलं, की विषय संपला." मग त्यांनी '2001 : अ स्पेस ओडिसी' काढला. 1968 चा. त्यात यानात एक पेन हवेत तरंगतं आणि हवाईसुंदरी येऊन ते अलगद पकडते. "पेन काचेच्या तबकडीला चिकटवलेलं! काच हळूहळू फिरवायची. बाईने पेन काचेवरून नुसतं सोडवलं. काच कोणाला दिसलीच नाही."

"आणि 'जुरासिक पार्क'?" मी विचारलं. "त्यात तर कॉम्प्युटर होता."

"होता, पण थोडा. बरेच डायनासोर यंत्राचे होते. मोठा टी-रेक्स जवळजवळ 40 फुटी. त्या पावसाच्या सीनमध्ये त्याच्या फोमच्या कातडीत पाणी मुरलं आणि धूड थरथरायला लागलं. मग मधे मधे टॉवेल घेऊन त्याला पुसत बसायचे."

आंटी हसून लोळायच्या बाकी होत्या. वसईच्या जुलैत गादीला ओल लागली की काय होतं, ते त्यांना वेगळं सांगायला नको.

1993 चा तो पिक्चर. त्याच वर्षी आपल्याकडे महेश कोठारेंचा 'झपाटलेला' आला. त्यांचं 40 फुटी धूड, आपला हातभर तात्या विंचू. बाहुला रामदास पाध्यांचा, आवाज दिलीप प्रभावळकरांचा. पाध्यांच्या घरात बोलक्या बाहुल्यांची विद्या वडिलांपासून, अर्धवटराव हा बाहुलाही त्यांचाच. म्हणून तात्याची मान वळली की आमच्या पोटात गोळा यायचा. लक्ष्मीकांत बेर्डे घाबरायचा तो समोरच्या बाहुल्याला. हल्ली नटामागे हिरवा पडदा असतो आणि समोर काठीवर टेनिसचा बॉल. बॉलकडे बघून घाबरायचं म्हणजे नटाचीच कमाल.

"आमचा पोरगा काय म्हणतो ऐका," अंकलनी आता कुठे लोंगर खाली ठेवला. "मी त्याला विचारलं, एवढे कॉम्प्युटर आहेत, तर हिरोला टांगता कशाला? अख्खा माणूसच काढा की. तर म्हणतो, बाबा, तारेवर माणूस लोंबला की त्याचं वजन दिसतं. कमरेला पट्टा काचतो, मान मागे जाते, शर्ट वर चढतो, उजेड अंगावरून सरकतो. ते सगळं खोटं करायला घेतलं तर महिने जातात, आणि तरी बघणाऱ्याला काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. त्यापेक्षा माणूस खरा टांगायचा आणि तार पुसायची."

हे मला एकदम पटलं. म्हणजे बाबूभाईंचा दोरा अजून तिथेच आहे. ते काळ्या पडद्यापुढे लपवायचे, हा माउसने पुसतो. दोघांच्याही मधे एक खरी वस्तू, खरं वजन लोंबतंय. जुने पिक्चर अजून बघवतात ते ह्या वजनामुळे. आणि जिथे वजनच नाही, तिथे कितीही कोटी ओता, आपलं लक्ष पॉपकॉर्नकडे जातं.

"बघा आंटी," मी म्हटलं, "मुलीकडच्यांना ताठ मानेने सांगा, मुलगा बाबूभाई मिस्त्रींच्या गादीवर बसलाय."

"सांगते की," आंटी बोंबलाची टोपली उचलत म्हणाल्या. "पण तुम्ही मुलगी बघा, ताई. फोटो नको, समोर आणून उभी करा. नाहीतर हा म्हणेल, बाजूची खुर्ची रिकामी ठेवा, मुलगी मागाहून कॉम्प्युटरवर घालतो!"