मागच्या सीटवरून, सविनय

प्रति,
प्रमुख रचनाकार, मागची सीट विभाग (असा विभाग असल्यास),
समस्त मोटारसायकल कंपन्या

स. न. वि. वि.

सर्वप्रथम आपल्या प्रामाणिकपणाबद्दल अभिनंदन. लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या आपल्या जाहिरातींत बहुधा एकच पुरुष असतो. पुढे डोंगर, मागे धूळ. ती धूळ जिथून उडते तिथेच कुठेतरी माझी जागा आहे, हे आपण कधी लपवलेले नाही.

आमचे हे यंदा निवृत्त झाले. आता दोघांनी मोटारसायकलवरून आधी सगळा कोकण किनारा, मग हंपी आणि गुडघ्यांनी साथ दिली तर स्पिती करायचे, असे ठरले आहे. ठरवणारे हे. नवी गाडी घ्यायची म्हणून घरात जेवणाच्या टेबलावर कॅटलॉग पसरलेले असतात आणि मी आमटी वाढताना वाचत असते. हिमालयन ४५० चे वजन १९६ किलो, सीटची उंची ८२५ मिलिमीटर. वा! मिलिमीटरपर्यंत हिशेब! पण ही उंची पुढच्या सीटची. मागची किती उंच, किती रुंद, तिच्यावर माणूस बसतो की नुसता टेकतो, याचा आकडा एकाही कॅटलॉगात सापडला नाही. एका शोरूममध्ये विचारले, तर तिथला मुलगा ह्यांच्याकडे बघून म्हणाला, “सर, पिलियन कम्फर्ट मस्त आहे.” तो तिथे कधी बसला होता का, हे विचारायचे राहूनच गेले, कारण तोवर दोघे टॉर्कवर पोचले होते.

त्या सीटवर चढायचे कसे, हे मात्र आपण एकदा करून बघाच. मागे टॉप बॉक्स, दोन्ही बाजूंना बॅगा. पाय फिरवून टांग टाकायला वाव नाही. मग ह्यांनी दोन्ही पाय जमिनीला रोवायचे, पुढचा ब्रेक दाबून धरायचा. मी “चढू?” विचारायचे, त्यांनी “चढ” म्हणायचे. डावा पाय फूटरेस्टवर, हात त्यांच्या खांद्यावर, आणि उजवा पाय त्यांची पाठ आणि पेटी यांच्यामधल्या वीतभर फटीतून पलीकडे. या सगळ्यात “चढ”च्या आधी चढले, तर तिघेही आडवे. तिसरी गाडी.

बसल्यावर कळते की सीटला पुढे उतार आहे. दर ब्रेकला मी घसरून ह्यांच्या पाठीवर आणि हेल्मेटवर हेल्मेट टक्. सुरुवातीला त्यांना ते प्रेम वाटायचे. फूटरेस्ट इतके वर की गुडघे पोटाशी येतात. ताम्हिणी उतरेपर्यंत पायाला मुंग्या, माणगाव येईपर्यंत पाय आहे की नाही याची शंका.

कायद्याला आमची थोडी तरी काळजी आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १२३ वाचा. मागे माणूस बसणार असेल तर धरायला पक्की मूठ, पाय ठेवायला फूटरेस्ट आणि कपडे अडकू नयेत म्हणून निदान अर्धे चाक झाकणारे संरक्षण हवेच. पाठीचा उल्लेख त्यात नाही. पाठ बहुधा आपल्या सद्बुद्धीवर सोडली असावी.

आणि बुद्धी नाही असेही नाही. होंडाच्या गोल्ड विंगला १८३३ सीसीचे सहा सिलिंडरचे इंजिन आहे, तिच्या टूर मॉडेलवर मागे बसणाऱ्याला टेकायला चांगली पाठ आहे, सीट गरमसुद्धा होते, गाडी रिव्हर्सही जाते. म्हणजे येते तुम्हाला! फक्त ती गाडी घ्यायला ह्यांना पेन्शन विकावी लागेल. आपली साधी चेतक तरी आठवा. मागच्याला स्वतःची वेगळी सीट होती, आणि त्या काळच्या कित्येक संसारांनी तिच्यावरून महाबळेश्वर पाहिले. जोर कमी होता, मान्य. घाटात मागच्याने उतरायचे असते, हे तेव्हा गृहीतच होते.

आता थोडे तांत्रिक. बायकांना त्यातले कळत नाही, म्हणून सावकाश लिहिते. मागे माझा आणि सामानाचा भार पडला की मागचे शॉकअप दबते, पुढचा दिवा वर बघू लागतो आणि रात्री समोरून येणारे ट्रकवाले डिपर मारमारून शिव्या देतात. उपाय सोपा आहे. स्प्रिंगची रिंग पान्याने दोन खाचा घट्ट करायची. तो पाना आपण कुठे ठेवता? माझ्या सीटखाली. म्हणजे आधी मला उतरवा, बंजी दोऱ्या सोडा, सामान उतरवा, मग पाना. मागच्या टायरच्या हवेचेही तसेच. पुस्तिकेत एकट्यासाठी वेगळा आकडा, दोघांसाठी वेगळा. पंपावर हवावाल्याने “किती?” विचारले की ह्यांच्या तोंडून सवयीने एकट्याचाच येतो. तेवढे मी मागून दुरुस्त करते.

टॉप बॉक्सच्या आत पाच-दहा किलोची मर्यादा छापलेली असते, ती सहसा झाकण बंद करताना दिसते. वजन मागच्या आसाच्याही मागे गेले की पुढचे चाक हलके पडते, हँडल डुलू लागते. जड सामान खाली, बाजूच्या बॅगांत आणि जमेल तितके पुढे हवे. टॉप बॉक्सात रेनकोट आणि चिवडा. गाडीची एकूण वजनमर्यादा पुस्तिकेच्या शेवटच्या पानांत असते. त्यातून गाडी, हे, हेल्मेटे आणि अवजारे वजा केली की उरेल ते माझे. हिशेब थोडा जास्त झाला की सगळ्यांची नजर माझ्या डब्याकडे जाते, ह्यांच्या पोटाकडे नाही.

तुमच्या धंद्यातला एकच माणूस मला आजवर भेटला ज्याने मला काही विचारले. नाना पेठेतला सीटवाला. ह्यांनी गाडी लावली आणि उंची, फोम, रेक्झिन सांगायला सुरुवात केली. तो थांबवून म्हणाला, “काका, तुमचं राहू द्या. काकू, तुम्ही बसा.” मी बसले. त्याने माझ्या मांडीखाली हात घालून कुठे टोचते ते चाचपले, रेक्झिनवर खडूने रेघ मारली, उतार काढायला पुढून किती फोम भरायचा ते बोटांनी मोजले आणि म्हणाला, “मऊ नको, तासाभरात बसतो. कडकच घालतो.” आपल्या संशोधन केंद्रात काय काय यंत्रे असतील ती असोत, खडू ठेवा.

माझे मत विचाराल (विचारत नाही, तरी), तर दोघांनी जायचे असेल तेव्हा मागच्याने आधी बसून निदान अर्धा तास, वाईट रस्त्यावरून, फेरी मारावी आणि मगच इंजिनाचा विषय काढावा. साडेतीनशे सीसीची, सपाट लांब सीटची गाडी दाभोळच्या फेरीबोटीपर्यंत मोठ्या गाडीच्या थोडी नंतर पोचेल, इतकेच. बोट दोघींसाठी तीच. ओल्या उतारावरून ह्यांनी भरलेली गाडी बोटीत चढवायची आणि मी टॉप बॉक्समधला चिवडा हातात घेऊन मागून चालत यायचे, हेही दोन्ही गाड्यांना सारखेच.

कळावे,
आपली नम्र,
पिलियन

ता. क. : नव्या गाडीला डाव्या बाजूला बॅगेची फ्रेम बसवायची तर साडीगार्ड काढावे लागेल, असे ॲक्सेसरीवाला म्हणतो. नियम १२३ त्याला वाचून दाखवला. उजवीकडे म्हटले, तर तिथे सायलेन्सर, बॅग जळेल. फ्रेम आणि साडीगार्ड एकाच तुकड्यात करून देण्याचा आपला काही विचार आहे का, ते कळवावे. त्याने तूर्त सुचवलेला उपाय असा : “मॅडम, बॅग मांडीवर घेता येईल ना?”